एका जोत्यावरची दोन घरे

२०१३ सालच्या भाऊबिजेला माझ्या दोन्ही भाच्यांनी नव्या मोटारी दाराशी आणून उभ्या केल्या. थोरल्याने फोक्सवॅगनची व्हेंटो घेतली होती, धाकट्याने श्कोडाची रॅपिड. ओवाळणी झाली, फराळाची ताटे समोर आली आणि दोघांत जुंपली. एकाचे म्हणणे, माझी गाडी रस्त्याला धरून चालते. दुसऱ्याचे म्हणणे, माझ्या गाडीचा सांगाडाच मुळी अधिक भक्कम. शेवटी, "मामा, तुम्हीच सांगा!" असा पुकारा झाला. मी चकलीचा तुकडा मोडत म्हटले, "अरे, तुम्ही भांडता आहात तो सांगाडा एकच आहे. तुमच्या दोन्ही गाड्या आपल्या चाकणच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या आहेत. नाक आणि शेपूट तेवढी निराळी." दोघेही काही वेळ गप्प बसले. मग धाकटा थोड्या रागानेच म्हणाला, "म्हणजे आम्हांला फसवले की काय?"

फसवले नव्हते. या प्रकाराला मोटारींच्या धंद्यात 'प्लॅटफॉर्म' म्हणतात. त्या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे आगगाडीचा फलाट उभा राहतो; मी आपला त्याला 'जोते' म्हणतो. घराचे जोते जसे वरून दिसत नाही, पण पाया, उंची आणि भिंतींच्या जागा तेच ठरवते, तसेच मोटारीचे. तळाचा पत्रा, चाके ज्यावर टेकतात ते दांडे आणि स्प्रिंगा, इंजिनाची बैठक, सुकाणू ही सारी मंडळी जोत्यात मोडतात. याचाच खर्च सर्वांत मोठा. एकदा ते घडवले, की त्यावर एकाचे दोन, दोनाचे चार वाडे उठवता येतात आणि खर्च वाटला जातो. धंद्याच्या दृष्टीने यात काही गैर नाही. अडचण येते ती दोन निराळ्या मालकांनी एक जोते बांधायला घेतले म्हणजे. विटा कोणाच्या, गवंड्याची मजुरी कोणी द्यायची आणि दारावर पाटी कोणाची लागायची, हे प्रश्न मग सुटता सुटत नाहीत.

लहान, चपळ, दोघांनी बसायच्या मोटारींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. अशी गाडी थोडक्यांना हवी असते. तेवढ्यासाठी स्वतंत्र जोते घालणे परवडत नाही, म्हणून दुसऱ्याच्या जोत्यावर हक्क सांगावा लागतो. या व्यवहाराची मला ठाऊक असलेली सर्वांत रंगतदार कथा जर्मनीतली आहे. तीत दोन कारखाने आहेत, एक सोयरीक आहे आणि एक तोंडी दिलेला शब्द आहे.

कथेचा आरंभ ऑस्ट्रियातल्या गम्युंड नावाच्या डोंगराळ गावात होतो. महायुद्ध संपले होते. फोक्सवॅगनची ती कासवासारखी गोल पाठीची, आपण जिला 'बीटल' म्हणतो ती मोटार आखणारे फर्डिनांड पोर्शे फ्रेंचांच्या कैदेत होते आणि १९४७ च्या ऑगस्टात सुटले. मधल्या काळात त्यांचा मुलगा फेरी आणि मुलगी लुईझे पिएख यांनी कुटुंबाचा गाडा ओढला. गम्युंडला लाकडाच्या एका जुन्या वखारीत त्यांचा कारखाना होता. तिथे फेरीने आपल्या मनासारखी एक उघडी, दोन आसनी मोटार करायला घेतली. सुटे भाग कुठून आणायचे? बापाने आखलेल्या बीटलचे हाताशी होते. तिचेच इंजिन थोडे सुधारून ३५ अश्वशक्तीचे केले. दांडे, स्प्रिंगा, ब्रेकही तिचेच. ८ जून १९४८ रोजी या गाडीला रस्त्यावर चालण्याचा परवाना मिळाला. वजन ५८५ किलो, वेग ताशी १३५ किलोमीटर. पोर्शे हे नाव लावलेली ती पहिली मोटार, ३५६ क्रमांक एक.

तिची एक खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी. बीटलचे इंजिन अगदी मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे लटकलेले असते. फेरीने ते उलटे फिरवून चाकांच्या अलीकडे, बैठकीच्या पाठीमागे आणले. त्यामुळे भार मधोमध आला आणि गाडी वळणावर हलक्या पावलाने फिरू लागली. पण मधल्या इंजिनामुळे सामानाला जागा उरेना. म्हणून विक्रीच्या गाड्यांत इंजिन पुन्हा मागे गेले आणि तिथेच राहिले. ही मधल्या इंजिनाची हौस फेरीच्या मनात वीस वर्षे दबून होती.

त्याच १९४८ सालच्या पहिल्या तारखेला फोक्सवॅगनच्या व्होल्फ्सबुर्गच्या कारखान्यावर हाइनरिख नॉर्डहॉफ नावाचे गृहस्थ मुख्य म्हणून आले. हे पूर्वीचे ओपेल कंपनीतले. शिस्तीचे, करडे, आणि एकदा मनाशी घेतले की ते सोडायचे नाही असे. सप्टेंबरात त्यांची आणि फेरीची गाठ पडली आणि करार झाला. बनणाऱ्या प्रत्येक बीटलमागे पोर्शे कुटुंबाला ठरावीक मोबदला मिळायचा. फोक्सवॅगनने सुटे भाग पुरवायचे. पोर्शेने दुसऱ्या कोणासाठी बीटलशी स्पर्धा करील अशी गाडी आखायची नाही. बीटल पुढे लाखांनी खपली, त्यामुळे हा मोबदला पोर्शेच्या घराला दुभत्या गाईसारखा झाला. व्यवहार वाढला, घरोबा वाढला, आणि पुढे लुईझेबाईंचा मुलगा अर्न्स्ट याचे लग्न नॉर्डहॉफांची कन्या एलिझाबेथ हिच्याशी लागले. म्हणजे फेरीच्या भाच्याचे सासरे ते नॉर्डहॉफ! आपल्याकडे यालाच पक्की सोयरीक म्हणतात. आणि सोयरिकीत हिशेबाचे कागद मागायचे नसतात, हेही आपल्याला ठाऊक आहे.

जोत्याचे महत्त्व नॉर्डहॉफांना मात्र एका तिसऱ्याच माणसाने पटवले. ओस्नाब्रुक या गावी कारमान नावाचे जुने घराणे होते. पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे, पुढे मोटारींच्या बॉडी बांधू लागलेले. बीटलची उघड्या टपाची गाडी तेच करीत. तरुण विल्हेल्म कारमानला बीटलपासून एक देखणी, छानछोकीची गाडी काढावी असे फार वाटे. त्याने इटलीतल्या तुरीन शहरच्या गिया या कलावंतांच्या पेढीकडे मनातले बोलून दाखवले. पेढीचे प्रमुख लुईजी सेग्रे यांनी गुपचूप एक बीटल मिळवली, तिची बॉडी उतरवली आणि उरलेल्या तळावर नवे रूप चढवले. बीटलचे हे वैशिष्ट्यच होते. तिचा तळ म्हणजे मधोमध कणा असलेली एक सपाट परात. चाके, इंजिन, गिअर सारे तिलाच जोडलेले. वरची बॉडी बोल्ट काढून टोपासारखी उचलता येई. १९५३ च्या नोव्हेंबरात ही गाडी नॉर्डहॉफांना ओस्नाब्रुकला दाखवण्यात आली. असे सांगतात, की गाडी सुंदर आहे पण महाग पडेल, असे ते म्हणाले आणि कारमानने हसून विचारले, की किंमत तर अजून मी सांगितलीच नाही. खरे खोटे त्या दोघांना ठाऊक. होकार मिळाला हे खरे.

१९५५ साली निघालेली ही 'कारमान गिया' बीटलच्याच परातीवर, फक्त परात दोन्ही कडांनी रुंद करून बसवलेली. तिच्या पत्र्याचे सांधे कारागीर डाग देऊन, कानशीने घासून हाताने गुळगुळीत करीत. इंजिन मात्र बीटलचेच, अवघ्या ३० अश्वशक्तीचे. रूप वाघिणीचे आणि दम शेळीचा! तरीही १९७४ पर्यंत तिच्या सव्वाचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. लोकांना धावण्यापेक्षा धावल्यासारखे दिसणे पुष्कळदा पुरते. मी हे टीकेने म्हणत नाही. माझ्या तरुणपणी परवडती तर मीही तीच घेतली असती.

साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात दोन्ही घरांना अडचणी आल्या. गियाच्या थोरल्या भावंडाला, १९६१ साली काढलेल्या अधिक महाग गाडीला, गिऱ्हाईक मिळेना. पोर्शेने ३५६ बंद करून ९११ आणली. गाडी उत्तम, पण किंमत अशी की पूर्वीचा तरुण गिऱ्हाईक दुकानाच्या काचेतूनच परत जाई. एकाला दमाची स्वस्त गाडी हवी होती, दुसऱ्याला स्वस्त दमदार गाडी. नॉर्डहॉफ आणि फेरी बसले आणि ठरले: आखणी पोर्शेने करायची. बॉडी एकच, कारमानने बांधायची. तिच्यात फोक्सवॅगनचे चार सिलिंडरांचे इंजिन घातले की ती फोक्सवॅगन म्हणून विकायची. आणि तीच बॉडी इंजिनाशिवाय पोर्शेला द्यायची, त्यांनी आपले सहा सिलिंडरांचे इंजिन बसवून पोर्शे म्हणून विकायची. कागद झाला नाही. हातात हात दिला, एवढेच. वीस वर्षांची ओळख आणि घरात एकमेकांची नातवंडे. कागद कोण मागणार?

फेरीने आता जुनी हौस पुरी करून घेतली. इंजिन मधोमध, बैठकीच्या पाठीशी. पुढची चाके ९११ च्या ठेवणीवर. माथ्यावरचा टप उचलून मागच्या पेटीत ठेवता येईल असा. दिवे डोळे उघडल्यासारखे वर येणारे. सामानाला पुढे एक आणि मागे एक अशा दोन पेट्या. पहिल्या गाड्यांत शेजारच्या माणसाचे आसन जागचे हलतच नसे. त्याच्या पायांखाली पुढेमागे सरकवता येईल असा एक लाकडी ठोकळा ठेवलेला असे. नवऱ्याने आपले आसन हवे तसे सरकवावे आणि बायकोने ठोकळ्यावर पाय टेकावेत, ही योजना कोणाच्या डोक्यातून निघाली हे मला कळलेले नाही. गाडीला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता: ९१४.

१ मार्च १९६८ रोजी पहिला नमुना उभा राहिला. १२ एप्रिलला नॉर्डहॉफ वारले.

त्यांच्या जागी कुर्ट लोट्झ आले. हे मोटारवाले नव्हते. विजेची यंत्रे करणाऱ्या एका मोठ्या कंपनीतून वर्षभरापूर्वीच फोक्सवॅगनमध्ये आलेले. त्यांनी दप्तर उघडून पाहिले, तर ९१४ च्या बाबतीत पोर्शेला काय द्यायचे याचा कागद नाही. त्यांची भूमिका सरळ होती. गाडी आमची, साचे आमच्या पैशांनी झाले. पोर्शेला बॉडी हवी तर साच्यांच्या खर्चाचा वाटा किमतीत धरूनच मिळेल. फेरीसाठी हा मोठाच धक्का होता. ज्या बॉडीच्या स्वस्ताईवर सारा बेत उभा होता, तीच महाग झाली.

या जागी पोर्शेचे चाहते लोट्झला खलपुरुष करतात. मला ते पटत नाही. फोक्सवॅगन ही नॉर्डहॉफांची खासगी मालमत्ता नव्हती. तीत सरकारचा वाटा होता, आणि १९६१ पासून हजारो लहान भागधारकांचा. सासऱ्याने जावयाच्या मामाला दिलेला शब्द त्या भागधारकांवर बंधनकारक कसा? उलट नॉर्डहॉफांनाच दोष द्यायचा, तर वीस वर्षे जे तोंडी बोलण्यावर सुरळीत चालले ते एकविसाव्या वर्षीही चालेल असे त्यांना वाटले, एवढाच तो दोष. आपल्याकडे किती वाडे असे वाटणीवाचून उभे आहेत! थोरला असेतो एक चूल पेटते. तो गेल्यावर विहिरीचे पाणी कोणाचे इथपासून सुरुवात होते.

फेरी पोर्शेच्या हाती काही धाकाचे साधन राहिले नव्हते असे नाही. फोक्सवॅगनची नवी कामे त्यांच्याकडेच आखायला असत. पण कज्जा करून घर चालत नाही हे दोघांनाही समजत होते. तडजोड अशी निघाली, की दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीची एक विक्री कंपनी काढावी आणि ९१४ च्या दोन्ही जाती तिनेच विकाव्यात. १९६९ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. युरोपात तिच्यावर दोन्ही घराण्यांची नावे होती, फोक्सवॅगन-पोर्शे. अमेरिकेत मात्र ती नुसती पोर्शे म्हणून विकली गेली. जर्मन लोकांनी तिला लगेच 'फोक्स-पोर्शे' असे जोडनाव दिले. त्यात कौतुक किती आणि खवचटपणा किती हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. एकाच गाडीचे माहेरही नीट ठरेना आणि सासरही.

जर्मनीत चार सिलिंडरांची गाडी सुमारे १२,००० मार्कांना पडे, सहा सिलिंडरांची सुमारे १९,००० ला. एवढ्यात आणखी थोडी भर घातली की सर्वांत स्वस्त ९११ मिळे. मग सुज्ञ गिऱ्हाईक काय करील? सहा सिलिंडरांच्या गाड्या तीन हजार तीनशेच्या आसपास निघाल्या आणि १९७२ मध्ये ती जात संपली. ज्या गाडीसाठी फेरीने हात पुढे केला होता, ती ही. चार सिलिंडरांच्या बहिणीचे मात्र चांगले चालले. दोन्ही मिळून १९७६ पर्यंत सुमारे एक लाख अठरा हजार गाड्या बाहेर पडल्या आणि बहुतेक समुद्रापलीकडे अमेरिकेला गेल्या.

गाडीत खोट नव्हती याचा दाखला १९७० च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत मिळाला. त्या वर्षी पोर्शेच्या ९१७ या राक्षसी गाडीने प्रथमच ती शर्यत जिंकली आणि सारे कॅमेरे तिच्याभोवती जमले. पावसाने झोडपलेल्या त्या रात्री एक लहानशी ९१४, सहा सिलिंडरांची, फ्रेंच चालक गी शासय आणि क्लोद बालो-लेना यांच्या हाती, न थांबता चालत राहिली. ती एकंदरीत सहावी आली आणि आपल्या गटात पहिली. त्याच उन्हाळ्यात न्युर्बुर्गरिंगच्या तीन दिवसांहून अधिक चालणाऱ्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक ९१४ नेच घेतले.

आणि एक गंमत. १९ सप्टेंबर १९६९ ला फेरी साठ वर्षांचे झाले, तेव्हा कारखान्याने त्यांना साठीची भेट म्हणून एक ९१४ दिली. तिच्या पोटात शर्यतीच्या गाडीचे आठ सिलिंडरांचे इंजिन होते. अशी दुसरी एकच गाडी बनली. ती फेरीचा दुसरा भाचा फर्डिनांड पिएख याने आपल्यासाठी करून घेतली होती. अर्न्स्टचा हा धाकटा भाऊ. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

९१४ नंतरची गाडीही दोघांनी मिळूनच करायची होती. या खेपेस कागद होता. फोक्सवॅगनने पैसे देऊन पोर्शेकडून नवी गाडी आखून घेतली. पण १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले, फोक्सवॅगन तोट्यात गेली. शिवाय गोल्फ या नव्या गाडीच्या जोत्यावर तिची स्वतःची शिरोको ही लहान चपळ मोटार १९७४ मध्ये निघालीही होती. तीही ओस्नाब्रुकला, कारमानकडेच बनत होती. तेव्हा घरचे जोते असताना भागीदारीचे कशाला? फोक्सवॅगनने बेत सोडून दिला. मग पोर्शेने आपणच आखलेली गाडी आपणच विकत घेतली, कोट्यवधी मार्क मोजून.

ती बांधायची कुठे? नेकारझुल्म या गावी आउडी-एनएसयूचा कारखाना होता, फोक्सवॅगनच्याच छत्राखालचा, आणि तो बंद होणार अशी आवई उठली होती. १८ एप्रिल १९७५ रोजी हजारो कामगार तिथून शेजारच्या हाइलब्रोन शहरापर्यंत चालत गेले. त्यांच्या मोर्चाने आणि पोर्शेच्या या कामाने मिळून कारखाना वाचला. नोव्हेंबरात तिथून ९२४ बाहेर पडू लागली. तिचे इंजिन आउडीचे, आणि तेच फोक्सवॅगनच्या मालवाहू गाडीतही बसत असे. त्यावरून खऱ्या पोर्शेवाल्यांनी तिची यथेच्छ टवाळी केली. नेकारझुल्मच्या ज्या घरांत पगार येत राहिला, त्या घरांत ही टवाळी कोणी केली नसावी. १९८५ पर्यंत तिच्या एक लाख वीस हजारांवर गाड्या झाल्या.

आता फर्डिनांड पिएखकडे वळू. १९९३ साली तो फोक्सवॅगनचा मुख्य झाला आणि त्याने पाहिले, की आपल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या मोटारी सोळा जोत्यांवर उभ्या आहेत. ती त्याने चारावर आणायला घेतली. १९९८ ची आउडी टीटी, तीही लहान, गोल पाठीची, चपळ. ती गोल्फच्याच जोत्यावर आली. बाप, मामा आणि भावाचे सासरे यांना जे एकमेकांच्या घरून मागून आणावे लागे, ते पिएखने एकाच घराच्या कोठारात ठेवले. श्कोडाही त्याच कुटुंबात आलेली असल्यामुळे माझ्या भाच्यांच्या गाड्यांचा वाद त्या धोरणापर्यंत जाऊन पोचतो.

२००५ पासून पोर्शेने फोक्सवॅगनचे भाग विकत घ्यायला आरंभ केला. लहान मासा मोठ्याला गिळणार असे काही काळ दिसले. निम्म्याहून अधिक भाग हाती आले, पण त्यापायी झालेले कर्ज पेलेना, आणि २०१२ च्या ऑगस्टात उलट फोक्सवॅगननेच पोर्शेचा मोटारींचा धंदा पुरता आपल्यात घेतला. नॉर्डहॉफांनी हातात हात दिला त्याला तोवर चाळीसांहून अधिक वर्षे झाली होती.

आणि कारमान? ते घराणे २००९ मध्ये दिवाळखोरीत गेले. ओस्नाब्रुकचा कारखाना फोक्सवॅगनने घेतला. तिथे २०१२ च्या सप्टेंबरात पोर्शेची बॉक्स्टर बनू लागली, कारण त्सुफेनहाउझनला जागा पुरेना. बॉक्स्टर दोन आसनी, उघड्या टपाची. पुढे एक आणि मागे एक अशा सामानाच्या दोन पेट्या. आणि इंजिन मधोमध, बैठकीच्या पाठीशी. हे मी भाच्यांना सांगितले तेव्हा थोरल्याने विचारले, "मामा, तिच्यात शेजारचे आसन हलते ना?"

हलते.